देखणी आणि दुखणी

आमच्या धाकटीला सगळं वरून बघायची सवय पहिल्यापासूनची. म्हणजे ती कुणाला कमी लेखते असं नाही, उलट तिच्याइतकी पडती बाजू घेणारी बाई मी पाहिली नाही. पण जमिनीची मोजणी करणाऱ्या एका कंपनीत तिने एकोणीस वर्षं नकाशे काढले. घर म्हणजे चौकोन, झाड म्हणजे गोल, विहीर म्हणजे गोलात ठिपका. आमच्याकडे यायचा रस्ता कुणी विचारला तर ती सांगत बसायची नाही, पाठकोऱ्या कागदावर काढून द्यायची, आणि त्यात कोपऱ्यावरचा कचऱ्याचा डबासुद्धा असायचा.

ती माझी धाकटी जाऊ. आमची दारं समोरासमोर आहेत. आई, म्हणजे आमच्या सासूबाई, राहतात तिच्याकडे आणि दिवसातून चारदा माझ्याकडे येतात, तिच्याबद्दल बोलायला.

मागल्या वर्षी ती कंपनी बंद झाली. चार माणसं महिनाभर उन्हात फिरून जे काम करायची, ते एक ड्रोन तासाभरात करू लागला होता. दुसरी असती तर ड्रोनच्या नावाने बोटं मोडत बसली असती. धाकटी म्हणाली, ज्याने माझी नोकरी खाल्ली त्याला एकदा बघून तरी येते. बघायला म्हणून गेली ती सहा आठवड्यांचं शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन, परवाना घेऊनच परत आली. वर्गात सगळी तिच्या भाचरांच्या वयाची मुलं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, ह्या कुणाची तरी फी भरायला आल्या आहेत. कंपनीतून निघताना हातात जे आलं होतं, त्याचा तिने ड्रोन घेतला. चार पात्यांचा, राखाडी, साखरेच्या किलोच्या पुड्याहून हलका. त्या दिवशी आईंनी माझ्याकडे पाच फेऱ्या मारल्या.

“तुमची धाकटी सून काय करते हल्ली?” असं खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, तेव्हा आईंनी एका शब्दात उत्तर दिलं. “उडवते.” बाईंनी काय अर्थ घ्यायचा तो घेतला आणि सहानुभूतीने मान हलवली. आईंनीही तो दुरुस्त केला नाही.

भाऊजी, म्हणजे धाकटीचा नवरा, औषधाच्या दुकानात काम करतात. तिथे दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून त्यांना घरातल्या वस्तूंबद्दलही तसंच बोलायची खोड लागली आहे. बेसिनला सर्दी झाली, दाराची बिजागरी संधिवाताने धरली, फ्रिजला रात्रीचा खोकला. त्यावरून धाकटीने फ्रिजच्या दारावर एक कागद लावला आहे, वर ठळक अक्षरात ‘दुखणी’, आणि खाली घरातल्या सगळ्या तक्रारी. प्लंबर आला की त्याच्या हातात तोच कागद. प्लंबरही आता दारातूनच विचारतो, आज पेशंट कोण?

तर ड्रोन आला, परवाना आला, कार्डंही छापून झाली. काम तेवढं येईना.

आलं नाही असं तरी कसं म्हणू? फुकटचं भरपूर आलं. घरं विकणाऱ्या दलालाने तीन इमारती वरून टिपून घेतल्या आणि सांगितलं, तुमचं नाव होईल. शाळेच्या मुख्याध्यापिकेने मैदानावर उभ्या केलेल्या मुलांचा फोटो काढून घेतला आणि टाळ्या वाजवल्या. माझ्याच मावसभावाच्या मुलीच्या लग्नात तिने तास-दीड तास ड्रोन फिरवला, आणि एकदा तो जरा खाली आला तेव्हा पात्यांच्या वाऱ्याने मुलीच्या मामांचा केसांचा टोप उचलला. मामा टोप घालतात हे तोवर मामींखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. चित्रण फार सुंदर झालं होतं, पण मामा अजून आमच्याशी बोलत नाहीत.

खरी अडचण वेगळी होती. धाकटीला मोबदला मागता येत नसे. समोरच्याने तोंड उघडायच्या आत हीच म्हणायची, “त्याचं बघू नंतर.” हे वाक्य तिच्या तोंडातून इतकं सफाईने निघायचं की समोरच्याला आपण काही चुकवतोय असंही वाटायचं नाही. एकोणीस वर्षं पगार बँकेत आपोआप जमा होत आलेला. आपल्या कामाची किंमत आपल्याच तोंडाने सांगायची वेळ कधी आली नव्हती. भाऊजींनी तिला आरशासमोर उभं करून सराव करायला लावला. आरशातल्या बाईलाही ती म्हणाली, बघू नंतर.

तिने स्वतःला एक वर्षाची मुदत घातली होती, आणि ती मुदत संपत आली होती. तिचे जुने साहेब आता एका मोठ्या इस्पितळाच्या कागदपत्रांच्या विभागात होते. तिथे एक जागा रिकामी झाली. काम सोपं, पगार ठरलेला, पहिल्या तारखेला खात्यात. फक्त तो विभाग तळघरात होता. साहेबांनी सांगितलं, गुरुवारी येऊन जागा बघून जा आणि शनिवारपर्यंत कळव, मग मी थांबणार नाही. ड्रोन विकत घ्यायला एक फोटोग्राफर तयारच होता. दोनदा येऊन हाताळून गेला होता. भाऊजी म्हणाले, तू ठरव. पण मुदत तिचीच होती आणि ती मोडण्यातली नव्हती. शनिवारपर्यंत पैसे देणारं एक काम मिळालं तर आकाश, नाहीतर तळघर.

त्याच आठवड्यात एका शीतगृहाच्या मालकांचा फोन आला. फळं साठवायची त्यांची मोठी गोदामं होती. येणाऱ्या गिऱ्हाइकांना दाखवायला दोन मिनिटांची फिल्म हवी होती, वरून, भव्य दिसेल अशी. आधी नमुना दाखवा, आवडला तर पुढचं बोलू. धाकटी काय म्हणाली ते सांगायला नकोच.

आता इथे आईंची गोष्ट सांगायला हवी. ड्रोन उडवताना चालवणाऱ्याचं लक्ष हातातल्या पडद्यावर असतं. म्हणून दुसऱ्या कुणीतरी सतत वर बघत राहावं लागतं. घार आली, तार आली, तर सांगायचं. भाऊजी दुकानात, मला माझं घर. दोन महिन्यांपूर्वी आईंच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी दूरचं दिसेल अशी भिंगं बसवली, आणि आईंना समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या कपड्यांचे चिमटे मोजता येऊ लागले. धाकटीने विचारलं, आई, नुसतं बसून वर बघायचं आहे, येता का? आईंनी दोन दिवस मोडता घातला, मग घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन निघाल्या.

आणि त्या कामाला त्या जन्मल्याच असाव्यात. जुन्या बस आगारामागच्या मैदानावर त्यांचा सराव मी पाहिला आहे. आई खुर्चीत ताठ बसून आकाशाला नजर लावणार. “चार बोटं डावीकडे घार,” “जरा खाली घे, तारा आहेत,” असं एका सुरात सांगत राहणार. अगदी तातडीचं असेल तर बोलायचं नाही, फक्त उजवा हात वर करायचा. हात वर म्हणजे थांब, आहेस तिथे थांब. धाकटीला तो हात डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसला की तिचे अंगठे जागच्या जागी थांबत. स्वयंपाकघरात ज्या दोघींचं भांड्यांच्या जागेवरून पंधरा वर्षं एकमत झालं नव्हतं, त्या मैदानावर एका खुणेवर चालत.

फक्त एक होतं. जवळचं वाचायला चष्मा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी आईंनी सगळ्या इमारतीत जाहीर करून टाकलं होतं की आपला चष्मा कायमचा सुटला. आता तो परत कसा घालायचा? त्यामुळे वर्तमानपत्र त्या हात लांब करून, मान मागे नेऊन वाचत, आणि कुणी बघितलं तर घडी घालून म्हणत, हल्ली काही वाचण्यासारखं नसतंच.

मंगळवारी दोघी शीतगृहावर गेल्या. फिल्म छान झाली. सकाळच्या उन्हात पांढऱ्या भिंती, ओळीने उभे ट्रक, ड्रोन सावकाश वर जातो आणि सगळं आवार पानासारखं उलगडतं. दोन बॅटऱ्या त्यात संपल्या. तिसरी उरली होती, आणि धाकटीला राहवलं नाही. वरून तिला छपरं दिसत होती. एका पत्र्याला तडा गेलेला, त्यावर कुणीतरी गोणपाट टाकून वीट ठेवलेली. पन्हळीत पाला साचून त्यात हातभर रोपटं वाढलेलं. एका खोलगट जागी पाणी तुंबलेलं आणि त्यात दोन कावळे निवांत आंघोळ करत होते. तिने अख्खी तिसरी बॅटरी त्यावर घालवली. घरी येऊन प्रत्येक फोटोला क्रमांक दिला, छपराचा नकाशा काढून त्यावर ते क्रमांक मांडले, आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिहिली. सहावा पत्रा, तडा, वीतभर. पन्हळ, पूर्व टोक, तुंबलेली. कुणी मागितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “ताई, दिसलं ते टिपायचं नाही तर मग बघायचं कशाला?”

भाऊजींच्या दुकानातून खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्या घरी येतात. तशा दोन डब्यांत तिने दोन पेनड्राइव्ह ठेवले आणि वर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. फिल्मच्या डबीवर ‘देखणी’. छपरांच्या डबीवर, घरच्या सवयीने, ‘दुखणी’.

गुरुवारी सकाळी ती तळघर बघायला निघाली. शीतगृहाचा ड्रायव्हर नमुना न्यायला येणार होता. जाताना आईंना सांगून गेली, कपाटावर दोन डब्या आहेत, देखणी लिहिलेली द्या.

ड्रायव्हर आला तेव्हा मी घरातच होते, माझं दार उघडं होतं. आईंनी एकदा हाक मारली असती तर मी दोन पावलांत पोचले असते. पण हाक मारायची तर वाचता येत नाही हे कबूल करावं लागलं असतं. आईंनी एक डबी घेतली, हात लांब केला, मान मागे नेली. द दिसला. खणी दिसलं. मधलं काय ते त्यांनी गृहीत धरलं.

धाकटी दुपारी परत आली. तळघर कसं आहे विचारलं, तर म्हणाली, स्वच्छ आहे. खिडकी? नाही, पण दिवे चांगले आहेत. मग तिची नजर कपाटावर गेली. ती डबीपाशी गेली, उचलली, परत ठेवली.

“आई, ही देखणी इथेच आहे.”

“मी तर दिली,” आई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उतरत गेला, तो मी दारातून पाहिला. पंधरा वर्षांत त्या धाकटीसमोर कधी खाली बघून बोलल्या नव्हत्या. “मला नीट दिसलं नाही गं.”

धाकटीने चहा ठेवला, आईंचा कप त्यांच्या हातात दिला, आणि शीतगृहाच्या कार्यालयात फोन लावला. चुकून दुसरं काही आलं आहे, ते बघू नका, मी आत्ता फिल्म घेऊन येते. तिकडच्या बाईंनी सांगितलं, साहेबांनी बघितलंय. रागावलेत. आता काही आणू नका, साहेबच फोन करतील.

संध्याकाळी आई माझ्याकडे आल्या, पण धाकटीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. नुसत्या बसल्या. जाताना विचारलं, “ते तळघर, थंडी वाजत असेल का गं तिथे?”

शुक्रवार तसाच गेला. शनिवारी सकाळी भाऊजी दुकानात गेले होते. इस्पितळातल्या साहेबांना फोन करायला म्हणून धाकटीने हात धुतले. ती त्या नोकरीला हो म्हणणार होती. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते, आई समोर खुर्चीत. तेवढ्यात तिचाच फोन वाजला. हात ओले होते म्हणून तिने तो ओट्यावरच ठेवून स्पीकर लावला.

शीतगृहाचे मालक होते. नमस्कार वगैरे काही नाही. म्हणाले, मी देखणी फिल्म मागितली होती, तुम्ही माझ्या छपरांचे वाभाडे काढून पाठवलेत. हे अजून कुणाकुणाला दाखवलंय?

कुणालाच नाही, धाकटी म्हणाली, चूक झाली, आणि माफी मागायला लागली. त्यांनी ती मध्येच तोडली. तीन नंबरच्या गोदामात दोन वर्षं पाणी येतं. माझा देखभालवाला म्हणतो छप्पर खराब आहे, ठेकेदार म्हणतो पाइप. वर कुणाला चढवायची माझी हिंमत होत नाही, पत्रे जुने आहेत. हे नक्की कुठून येतं, सांगता येईल?

धाकटीने डोळे मिटले. नकाशा तिच्या डोळ्यांसमोर होता. “सहावा पत्रा, रस्त्याच्या बाजूने मोजून. तडा गेलाय. वर गोणपाट आहे, ते आतून दिसणार नाही.”

पलीकडे कुणाशी तरी बोलल्याचा आवाज. त्या मागच्या माणसाचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला, “दोन वर्षं मी काय सांगतोय?”

मालक परत आले तेव्हा आवाज बदलला होता. माझी आणखी चार ठिकाणी गोदामं आहेत, म्हणाले. सगळ्यांची अशी तपासणी करून द्याल का? वर्षातून दोनदा? “किती घ्याल, सांगा.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. धाकटीच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं, लाघवी हसू आलं, आणि तोंड उघडलं.

“त्याचं ब—”

आईंनी उजवा हात वर केला.

तळवा पुढे, बोटं जुळलेली, नजर सरळ धाकटीवर. मैदानावर करतात तसा. धाकटी जागच्या जागी थांबली. तिचे अंगठेसुद्धा थांबले, हातात काही नसताना. फोनमधून मालक दोनदा हॅलो, हॅलो म्हणाले. आईंचा हात खाली येईना.

मग धाकटी बोलली. नेहमीपेक्षा हळू, पण एका दमात. एका छपराचे इतके. अर्धे आधी, अर्धे अहवाल दिल्यावर. जायचा-यायचा खर्च वेगळा. “आणि फिल्म हवी असेल तर तिचे वेगळे. दुखण्यांचे वेगळे आणि देखणीचे वेगळे.”

आकडा ऐकून मला वाटलं, संपलं आता. मालक म्हणाले, लेखी पाठवा, सोमवारी या. फोन बंद झाला तेव्हा कुठे आईंनी हात खाली घेतला, आणि दंड चोळत म्हणाल्या, “केवढा वेळ लावलास गं. हात भरून आला माझा.”

इस्पितळातल्या साहेबांना तिने त्यानंतर फोन केला. नाही म्हणणंही तिला तितकंसं जमत नाही, त्यामुळे त्याला वीस मिनिटं लागली. फोटोग्राफर तिसऱ्यांदा आला, तेव्हा त्याला नुसता चहा मिळाला.

सगळं एकदम फुललं असं नाही. त्यानंतर एक कारखाना आला, एक वाचनालय आलं, मग दीड महिना कुणीच नाही. पण कार्डं तिने नवी छापली आहेत. आधीच्या कार्डावर ‘हवाई चित्रण’ होतं आणि उडत्या पक्ष्याचं चित्र. आता नुसतं ‘छप्पर तपासणी’. चित्र नाही. भाऊजी ती दुकानाच्या गल्ल्यापाशी ठेवतात, खोकल्याच्या गोळ्यांच्या शेजारी. आईंनी वाचायचा चष्मा करून घेतला, पण तो इमारतीत कुणाला दाखवलेला नाही; पेनड्राइव्हच्या डब्या देताना तेवढा पिशवीतून काढतात. आणि त्यांची एक मागणी होती, तीही मान्य झाली. घडीच्या खुर्चीला हात नव्हते, आता हातांची खुर्ची घेतली आहे.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर त्या शीतगृहावर गेले होते, दुसऱ्या फेरीच्या तपासणीला. सहावा पत्रा नवा कोरा चमकत होता. धाकटी पडद्यात डोकं घालून उभी होती. आई नव्या खुर्चीत, छत्री टेकवून, वर बघत. फाटकावरचा पहारेकरी बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता. शेवटी जवळ आला आणि अदबीने विचारलं, आजी, तुम्ही इथे काय करता?

“नजर ठेवते,” आई म्हणाल्या.

“सुनेवर?” त्याने हसून विचारलं.

“सुनेवर कशाला? ती खाली बघते, म्हणून मी वर बघते.” त्यांनी मान जराही वळवली नव्हती. “आता बाजूला हो बाबा. चार बोटं उजवीकडे घे गं, घार आली.”